सरगुंड्यांचा हंगाम

कळंब, जि. यवतमाळ

२७ फेब्रुवारी २०२५

काल महाशिवरात्र झाली. आज माळ्यावरचे डबे खाली काढले. मागच्या उन्हाळ्यातल्या नऊ किलो कुरोड्या अजून शिल्लक आहेत. खराब झालेल्या नाहीत, नीट वाळलेली कुरोडी वर्षभर तशीच राहते. पण आमच्या बचत गटातल्या आठ बायकांची मेहनत त्या डब्यात अडकून पडली आहे. यवतमाळला बचत गटांचं प्रदर्शन लागतं तेव्हा तीन दिवसांत माल हातोहात जातो. बाकीच्या वर्षाचं काय? दुकानदार किलोला दोनशे वीस देतो, तेही दोन महिन्यांच्या उधारीवर.

लेक म्हणाली, "आई, आपलं गिऱ्हाईक कळंबात नाहीच. इथं घरोघरी बायका हेच करतात. गिऱ्हाईक पुण्यात आहे." मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतली घरं मोजली. चौदापैकी नऊ घरांतली पोरं बाहेर आहेत. कुणी हिंजवडीत, कुणी वाकडला, दोघं नागपुरात. ही सगळी पोरं सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, खाऊन मोठी झाली आणि आता त्यांच्या घरात ते करणारं कुणी नाही.

गटाच्या नावानं वेगळं सिम घेतलं आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाकलं. हे अॅप २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावून ठेवता येते. कुणी रात्री अकराला विचारलं तर "सकाळी उत्तर देतो" असा निरोप आपोआप जातो. घरचा नंबर मात्र द्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं. बायकांचे नंबर चारचौघांत फिरू नयेत.

५ मार्च

अन्न सुरक्षेची नोंदणी केली. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत, म्हणून साधी नोंदणी पुरली, वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर टाकायचा. शंभर रुपयांसाठी आम्ही इतकी वर्षं विनालेबल माल विकला आणि विनालेबल भाव घेतला. पुण्यातलं माणूस आपल्याला ओळखत नाही, ते आधी पुडा उलटून मागचं वाचतं.

लेबलावर काय घालायचं यावर गटात दुपारभर चर्चा चालली. वजन, घटक, तयार केल्याची तारीख, हिरवा ठिपका हे तर आलंच. जाऊबाईंचं म्हणणं पडलं, "कसं शिजवायचं तेबी लिहा. नाहीतर कोणी सून कच्चेच तळून टाकीन." सगळ्यांना पटलं. मागच्या बाजूला चार ओळी छापल्या : पाणी उकळू द्या, सरगुंडे सोडा, मऊ झाले की निथळा, आंब्याच्या रसासोबत खा.

१५ मार्च

धुळवड काल झाली. आज सरगुंड्यांचा पहिला घाणा.

गव्हाचं पीठ रात्री भिजवून ठेवलं होतं. सकाळी जाऊबाईंनी तेलाचा हात लावत ते अर्धा तास मळलं. बोटानं ओढलं की तार निघते, तुटत नाही, तोवर त्या थांबत नाहीत. मग पिठाची बारीक लोळी काडीच्या टोकाला चिकटवायची. डाव्या हातानं काडी फिरवत राहायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी तार ओढत काडीभर गुंडाळत न्यायची. एकावर एक वेढा येता कामा नये, दोन वेढ्यांत फट पडता कामा नये. काडी सावलीत टेकवायची आणि वेढे जरा आखडले की अलगद सरकवून काढायचे. उशीर झाला तर तुकडे होतात आणि घाई केली तर चपटे होतात. ती नेमकी वेळ जाऊबाईंना हात लावून कळते. मला अजून पाहून कळते, तेही दहातून सात वेळा.

लेकीनं याचा व्हिडिओ काढला. जाऊबाई म्हणाल्या, "तोंड नोको दाखवू माय, हात दाखव." बरं झालं. फक्त हात, काडी आणि पिठाची तार. गाणं लावू नको म्हटलं. पाठीमागे कोंबडा आरवतो आणि कुणीतरी पाणी भरतं, तेवढाच आवाज ठेवला.

१९ मार्च

इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ बासष्ट हजार लोकांनी पाहिला. लेक नाचत होती.

त्यातून आलेल्या ऑर्डरी दोन.

त्याच दिवशी तोच व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला होता. पाहिला एकशे त्रेचाळीस जणांनी. ऑर्डरी अकरा.

रात्री जेवणं झाल्यावर दोघी वही घेऊन बसलो. बासष्ट हजारांत बंगालचे लोक आहेत, केरळचे आहेत, इंग्रजीत "हे काय आहे" विचारणारे आहेत. त्यांना पाहायला आवडलं, त्यांचं कौतुक खोटं नाही. पण सरगुंडे म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं तो पहिल्याच भेटीत किलोभर मागवत नाही. एकशे त्रेचाळीस जणांना सांगावं लागलं नाही. त्यांना फक्त आठवण करून द्यावी लागली. मी लेकीला म्हटलं, व्हिडिओ करत राहू, पण दिवसाचा पहिला तास त्या एकशे त्रेचाळीस जणांचा.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली, साखरगाठी बांधली आणि नऊ वाजता सगळ्या जणी चिकाच्या पातेल्याशी. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदललं. आज ते वाटून चीक गाळला. आधणात मीठ, हिंग टाकलं आणि चीक धार धरून ओतत ढवळायला दोघी लागल्या. गुठळी झाली तर कुरोडी मध्येच तुटते. पोरं वाट्या घेऊन बसलीच होती. गरम चिकावर तेल घालून खाण्याची मजा मी काही पुण्याला पाठवू शकत नाही.

मग बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून सोऱ्यानं कुरोड्या घातल्या.

आता पाठवणीचं लिहून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. पहिले चार डबे कुरिअरनं पाठवले. दोन ठिकाणी कुरोड्यांचा भुगा होऊन पोचला. त्यांना पैसे परत केले, माल पुन्हा पाठवला. आता पुण्याची पार्सलं एकत्र करून यवतमाळहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातात. सकाळी तिकडे गटातल्या एकीचा भाऊ उतरवून घेतो आणि ज्याचं त्यानं त्याच्याकडून न्यायचं. दूरच्या एकट्या गिऱ्हाइकाला पोस्टानं. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली-वर कागदाचे बोळे, कुरोड्या उभ्या रचायच्या, आडव्या नाही. उभ्या रचल्यापासून तक्रार आली नाही.

८ एप्रिल

आज दुपारी एकाचा मेसेज. मी सैन्यात आहे, युनिटसाठी वीस किलो पाहिजे, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. सोबत ओळखपत्राचा फोटो. गटाची अध्यक्ष फोन हातात घेऊन स्कॅन करायलाच निघाली होती. वीस किलो म्हणजे आमचा आठवड्याचा माल, कुणाचाही जीव भुलेल.

लेकीनं फोन हातातून घेतला. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. एवढं एक वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं, खाली १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लिहिला आणि आठही जणींकडून दोनदा वाचून घेतलं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची गोष्टही सांगितली. सत्तरीतली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. नातवानं 'आपली आजी' नावाचं यूट्यूब चॅनल काढून दिलं आणि लाखो माणसं तिचा स्वयंपाक पाहायला लागली. २०२० मध्ये ते चॅनल कुणीतरी चोरलं. काही दिवसांनी परत मिळालं, पण तेवढे दिवस त्या घरात काय झालं असेल ते आम्हा सगळ्यांना न सांगता समजलं. संध्याकाळी आमच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली. त्याचा सहा आकडी पिन वहीत लिहिला नाही, मी आणि लेक दोघींनी पाठ केला.

१७ एप्रिल

मुंबईच्या एका बाईंचा मेसेज : "यवतमाळ म्हणजे शेतकरी आत्महत्यांचं ना? म्हणून तुमच्याकडून घ्यायचं ठरवलं. दोन किलो पाठवा."

दोन तास उत्तर दिलं नाही. राग आला नव्हता, त्यांचं मन चांगलंच आहे. पण छातीत काहीतरी रुतून बसलं. मग मी फोनवर आमच्या जिल्ह्याचं नाव घालून पाहिलं. जे वर येतं ते खोटं नाही. माझ्या माहेरच्या गावात तसं एक घर आहे, त्या घरच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. पण याच जिल्ह्यात तिपेश्वरचं जंगल आहे, आमच्या कळंबात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं असा चिंतामणी आहे, पुसद-दिग्रसकडच्या बंजारा बायकांच्या हातचं आरशांचं भरतकाम आहे. आणि आमच्याच तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे आहेत. नवरा गेला त्या घरातून उठून त्यांनी २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. त्या व्यासपीठावर त्या दया मागायला उभ्या नव्हत्या.

शेवटी असं लिहिलं : "ताई, सरगुंडे पाठवते. आधी अर्धा किलो घ्या, शिजवून खाऊन पाहा. आवडले तरच बाकीचे मागवा. आमच्या हाताला चव आहे म्हणून घ्या."

लेक म्हणाली, दीड किलोची ऑर्डर घालवलीस. घालवली तर घालवली.

२३ एप्रिल

ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. वाळवणाला असंच पाहिजे. सकाळी सहाला घातलेल्या मूगवड्या संध्याकाळी खडखडीत होतात.

मुंबईच्या ताईंनी आणखी तीन किलो मागवले, शिवाय शेजारणींसाठी दोन.

मागणी हाताबाहेर चालली आहे. एकशे दहा किलो बाकी आणि हात सोळा. आज एका ओळखीच्यानं सुचवलं, नागपूरहून मशीनच्या शेवया आणा, तुमचं लेबल लावा, कोणाला कळतं? गटात दोघींचं मन वळलं होतं. त्यांच्या डोक्यावर शाळेची फी आहे, खताची उधारी आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. तेव्हा जाऊबाई काडी फिरवता फिरवता एवढंच बोलल्या, "त्या फोनात माहे हात दाखवले ना तुम्ही? मंग?"

स्टेटसला लिहिलं : ऑर्डरी बंद. घेतल्या तेवढ्या पूर्ण करू.

६ मे

दुपारी चारला वाऱ्यानं सुरुवात झाली आणि दहा मिनिटांत पाऊस. लुगडी गोळा करेपर्यंत चौदा किलो कुरोड्या भिजल्या. परत वाळवल्या तर वाळतील, पण रंग काळपट पडतो आणि तळल्यावर फुलत नाहीत. चौदा किलो म्हणजे अकरा घरांच्या ऑर्डरी.

रात्री भिजलेल्या बाजेचा फोटो स्टेटसला टाकला आणि लिहिलं, पावसात माल गेला, हा माल आम्ही देणार नाही, नवीन घालायला आठ दिवस लागतील, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी सांगावं. फोन उशाशी ठेवला पण झोप लागली नाही.

७ मे

अकरांपैकी एकानं पैसे परत मागितले. बाकी दहांनी "सवडीनं करा" म्हटलं. मूळचे बाभूळगावचे, आता चिंचवडला असलेले एक काका लिहितात : "फोटोत बाजेवरचं ते हिरव्या काठाचं लुगडं पाहिलं. आमच्या आईजवळ असंच होतं. वाट पाहतो."

भिजलेल्या कुरोड्या आठ घरांत वाटून घेतल्या. तळून नाही, भाजी करून खाऊ.

२६ मे

मान्सून आज मुंबईत पोचला, इतका लवकर कधी ऐकला नव्हता. आमच्याकडेही आभाळ भरून आहे. वाळवण संपलं. शेवटची नऊ पार्सलं आज गेली.

१० जून

हिशेब. फोनवरून गेलेला माल १८६ किलो. सरगुंडे चारशे, कुरोड्या साडेतीनशे, मूगवड्या तीनशे ऐंशी या भावानं सत्तर हजारांच्या थोडं वर आले. गहू, डाळ, तेल, गॅस, खोकी, लेबलं, पाठवणी आणि पावसाचा फटका धरून खर्च चौतीस हजार. आठ जणींना साडेचार-साडेचार हजार, जिच्या तिच्या खात्यात. दुकानदाराच्या भावानं हाच माल दिला असता तर खर्च जाऊन हातात फार थोडं राहिलं असतं. एकीनं त्याच दिवशी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणली.

पैसे फार नाहीत. पण हे आमचे आहेत आणि उधारी नाही.

संध्याकाळी पुढच्या सालच्या वहीत नावं उतरवली. सदतीस. प्रत्येकापुढे गाव, काय आवडलं, मागच्या वेळी काय चुकलं. चिंचवडच्या काकांपुढे लिहिलं, कुरोड्या, जरा जास्त मीठ. अंगणात जाऊबाईंनी सगळ्या काड्या पुसल्या, तेलाचं बोट फिरवलं, त्यातल्या तीन वाकलेल्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या हिरव्या काठाच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून माळ्यावर ठेवल्या. "तीन नव्या कराव्या लागतीन," म्हणाल्या, "दिवाळीनंतर पाहू."