कार्ब्युरेटरवरचा आळ

"जरा सोपं लिहा," संपादकांनी फोनवर बजावलं, "आमचे वाचक चकली खाता खाता अंक वाचतात." जुन्या मोटारसायकलींचे कार्ब्युरेटर बांधणं हा माझा धंदा. त्यात सोपं फार थोडं आहे, पण प्रयत्न करतो. शिवाय यंदा लिहायला निमित्तही आहे. पावसाळ्याच्या तोंडी हाताखालून गेलेली एक जावा अजून डोक्यातून गेलेली नाही.

गाडी १९६७ची, २५० सीसी, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मालक वाईचे, बँकेतून निवृत्त झालेले. गाडी मूळची त्यांच्या वडिलांची. तक्रार अशी, की उभ्या गाडीची रेस आपोआप वरखाली होते आणि चालवताना ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच शांत होत नाही. "तीन ठिकाणी कार्ब्युरेटर साफ करून झाला, नवं किट टाकून झालं. आता तुम्ही बघा. फक्त इंजिनाला हात लावायचा नाही हं. ते बाबांनी शेवटचं बांधून घेतलेलं आहे."

जुन्या गाडीचं काहीही बिघडलं की आळ कार्ब्युरेटरवर येतो. कारण साधं आहे. तो बाहेर असतो, दहा मिनिटांत सुटतो, आणि साफ करून परत बसवला की काहीतरी केल्याचं समाधान गिऱ्हाईकाला आणि मेकॅनिकला दोघांनाही मिळतं. पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग, टाकीतला गंज, बुजलेला एअर फिल्टर, थकलेलं ऑइल सील या सगळ्यांचे गुन्हे त्याच्या नावावर जमा होतात. मी कार्ब्युरेटरवर पोट भरतो, तरी सांगतो, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा रोग दुसरीकडेच असतो.

आता यंत्राबद्दल थोडं. पिस्टनच्या हालचालीनं हवा आत ओढली जाते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. वेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञानं १७९७ साली मांडलेली गोष्ट ती हीच. कमी झालेल्या दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. वजनाच्या हिशेबानं एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली तर मिक्स्चर लीन, पेट्रोल जास्त झालं तर रिच.

हे प्रमाण सगळ्या वेगांना एकच भोक सांभाळू शकत नाही. ॲक्सिलरेटर जेमतेम उघडा असताना पायलट जेट काम करतो. त्यानंतर स्लाइडच्या तळाला दिलेला तिरका काप. पाव ते पाऊण उघडल्यावर नीडल आणि ती जिच्यात वरखाली होते ती नीडल जेट. मेन जेटचं राज्य सुरू होतं ते पाऊणच्या पुढे. माझी सगळी भांडणं या शेवटच्या वाक्यावरून होतात.

गाडी ॲव्हरेज देत नाही, प्लग काळा पडतो, म्हणून गॅरेजवाला काय करतो? मेन जेट लहान टाकतो. अहो, पण तुम्ही शहरात गाडी चालवता पाव-अर्ध्या थ्रॉटलवर! तिथे पेट्रोल मोजते ती नीडल आणि नीडल जेट. वर्षानुवर्षं थरथरत राहून नीडल त्या पितळी भोकाला घासते आणि गोल भोक अंडाकृती होतं. समजा भोक २.६० मिलिमीटर आणि त्या जागी नीडल २.५०. पेट्रोल जायला वाट राहते ती मधल्या कड्याएवढी. भोक फक्त तीन शतांश मिलिमीटरनं झिजून २.६३ झालं, तर त्या कड्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढतं. विश्वास नसेल तर व्यासांचे वर्ग करून वजाबाकी करा, मी खाली बसतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही आणि बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये नीडल जेट नसतेच. गास्केट, वॉशर, एक पिन, चमकदार पाकीट. त्याला लोक 'कार्ब्युरेटर बांधला' म्हणतात.

बरं, मेन जेट लहान केल्यानं नुसता फायदा झाला नाही इतकंच असतं तर मी एवढा आवाज चढवला नसता. जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरला साधारण ४० मिली. म्हणजे पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटलं. आता हीच गाडी दोघं बसून खंबाटकी घाट चढायला घ्या. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, मिक्स्चर लीन म्हणून इंजिन जास्त तापलेलं, आणि नेमकं त्याच वेळी पिस्टनला ऑइल कमी. पिस्टन सिझ होतो. मग बोअर करा, नवा पिस्टन टाका. ॲव्हरेज वाढवण्याची ही किंमत.

उलटा प्रकार तारेचा. जेट तुंबला म्हणून त्यात तार घालणारे हात मला नुसत्या ओरखड्यांवरून ओळखू येतात. एक मिलिमीटरचं भोक १.१ झालं की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. जेटवर कोरलेल्या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही.

वाईच्या जावाच्या जिकोव कार्ब्युरेटरमध्ये हे दोन्ही प्रकार हजर होते. मेन जेट तारेनं खरवडलेला, नीडल जेट लंबगोल. फ्लोट कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. असा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की आतलं पेट्रोल आणि हवा फुगतात आणि सांध्यातून बारीक बुडबुड्यांची रांग निघते. तिथे खूण करायची, आतलं सगळं पेट्रोल काढायचं, आणि मगच डाग द्यायचा. पेट्रोल आत ठेवून आग दाखवणारे महाभागही पाहिलेत. डाग शक्य तितका लहान हवा. कथलाचा गोळा बसला तर फ्लोट जड होतो, खोल बुडतो, वाटीतली पातळी वाढते आणि गाडी ओव्हर होते. मी डागाआधी आणि डागानंतर सोनाराच्या काट्यावर वजन करतो. शेजारचे हसतात.

इथे कुणीतरी ई-२० पेट्रोलचं विचारणारच. मी उसाच्या पट्ट्यातला आहे, इथेनॉलला शिव्या देणं मला परवडणारं नाही. जुनी रबरं त्यानं फुगतात, ते पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की जस्ताच्या मिश्रधातूच्या वाटीत पांढरी भुकटी धरते, हे सगळं खरं. ई-२०ला हवाही कमी लागते, १४.७ऐवजी साडेतेराच्या आसपास, म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी थोडी लीन चालते. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर उचलली, की बहुतेक वेळा भागतं. पण झिजलेल्या नीडल जेटचं बिल इथेनॉलच्या नावावर फाडू नका.

तर जावाचा कार्ब्युरेटर बांधला. नवी नीडल जेट लेथवर करून घेतली, स्लाइडचा ढिलेपणा काढला, गाडीवर चढवला. रेस तशीच वरखाली! मग मालकांना विचारून दाबाची परीक्षा केली. दोन्ही एक्झॉस्ट आणि इनलेट रबरी बुचांनी बंद करून क्रँककेसमध्ये पंपानं पाच-सहा पीएसआय हवा भरली. चांगल्या इंजिनात काटा मिनिटांमागून मिनिटं जागचा हलत नाही. इथे बघता बघता शून्यावर आला. डायनॅमोच्या बाजूला साबणाचं पाणी सोडलं, तर फेस. ऑइल सील गेलेलं. इंजिन तिथून चोरून हवा ओढत होतं, आणि ती हवा जगातला कुठलाही कार्ब्युरेटर मोजू शकत नाही.

मालकांना काटा दाखवला, फेस दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबांचं इंजिन नाही उघडायचं." पैसे दिले, गाडी टेम्पोत घालून नेली. महिनाभरानं फोन आला. दुसऱ्या गॅरेजनं मेन जेट मोठा टाकला, एअर स्क्रू आत फिरवला. गाडी मस्त चालते!

चालतही असेल. सीलमधून येणारी हवा आयडलिंगला फार वाटते आणि पूर्ण थ्रॉटलवर तिचा हिस्सा नगण्य असतो, त्यामुळे मोठा जेट कुठल्याच वेगाला बरोबर बसणार नाही, हे मी कागदावर सिद्ध करून देईन. पण रविवारी मेणवलीपर्यंत जाऊन येणाऱ्या माणसाला कागद कशाला हवा? चुकीच्या कामानं गाडी चालली आणि बरोबर कामानं नाही चालली. माझ्या धंद्यात याहून वाईट काही नाही. कदाचित त्या गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल. तरीही ते सील बदलायला हवं, यावर मी ठाम आहे.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता उरलेत ते जुन्या गाड्यांवरचेच. म्हणून घरात जावा, येझदी, राजदूत, बुलेट असलेल्यांना एवढंच सांगणं आहे. कार्ब्युरेटर उघडण्याआधी प्लग, पॉइंट, टायमिंग, एअर फिल्टर आणि टाकी बघा. टू-स्ट्रोक असेल तर सील तपासून घ्या. जेटमध्ये तार घालू देऊ नका. आणि मेकॅनिकनं जुने जेट, नीडल, फ्लोट काढले तर ते मागून घ्या, पुडीत बांधून ठेवा. नव्याचं माप त्यांच्यावरूनच काढायचं असतं.