उमेदवारीची खूण

सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमातील आर्टिकलशिप, म्हणजे व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाच्या हाताखाली विद्यावेतन घेऊन केलेली उमेदवारी, पुण्या-मुंबईच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात बी.कॉम.च्या सकाळच्या तासांना लागूनच येते. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२३ च्या नव्या योजनेत ही उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली. किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते, एवढे व्यवहारापुरते सांगितले म्हणजे पुरे.

वर्गातील ताळेबंद अखेरीस जुळतोच, कारण तो जुळावा म्हणूनच रचलेला असतो. कार्यालयात मात्र सुरुवातीचा काळ व्हाउचिंगमध्ये, म्हणजे हिशेबातील नोंद मूळ बिलाशी वा पावतीशी ताडून पाहण्यात जातो, आणि ताडलेल्या प्रत्येक नोंदीपुढे बरोबरची एक लहानशी खूण उमटते. पहाटे उठलेल्या विद्यार्थ्याने दुपारच्या पेंगेत केलेली खूण आणि पूर्ण जाणिवेने केलेली खूण कागदावर अगदी सारखीच दिसतात, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की मनात एक अस्वस्थता घर करते, जिची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही. लेखापरीक्षणाच्या पुस्तकात ‘व्यावसायिक साशंकता’, म्हणजे समोरचा पुरावा तपासल्याशिवाय न स्वीकारण्याची वृत्ती, अशिलाच्या हिशेबाविषयी सांगितलेली असते. ती स्वतःच्या खुणेकडे कितपत वळवावी, हे पुस्तक सांगत नाही, आणि कार्यालयात ते विचारायला, बहुधा, सवड नसते.