मधल्या चौकटी

गेल्या पावसाळ्यात सलग सव्वीस रात्री मी जेवण आटोपल्यावर दप्तरखोलीत संगणकापुढे बसलो, आणि त्या सव्वीस रात्रींच्या मेहनतान्याचे बिल कोणाही अशिलाच्या नावे निघालेले नाही. श्रावणातील भजनी सप्ताहाच्या समाप्तीला देवळाच्या जुन्या कीर्तनपरंपरेवर एक वीस मिनिटांची चित्रफीत अग्रशाळेत दाखवावी, असे महाजनांच्या बैठकीत ठरले. ती कोणी करावी असा प्रश्न निघताच सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कारण एवढेच की, समितीचे इतिवृत्त मी संगणकावर लिहितो. ज्याला इतिवृत्त लिहिता येते त्याला चित्रपटही काढता येईल, हे अनुमान न्यायशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात बसते ते मला अद्याप उमगलेले नाही.

साहित्य म्हणावे तर दोनच वस्तू हाती होत्या, एक छायाचित्र आणि एक कॅसेट. दोन्ही १९८६ च्या. छायाचित्रात आमचे त्या काळचे कीर्तनकार बुवा उपरणे सावरीत उभे आहेत, मागे पेटीवर माझे वडील, त्यांच्या शेजारी तबलजी, आणि खांबाला टेकून झांजा घेतलेली दोन पोरे. त्यांतले झोपेला आलेले पोर मी. कॅसेट नव्वद मिनिटांची, आमच्या एका आप्ताने आखातातून आणलेल्या यंत्रावर भरलेली. पहिल्या बाजूला पूर्वरंग, दुसऱ्या बाजूला उत्तररंग. बुवा गेले, तबलजी गेले, माझे वडील १९९४ साली गेले. ते सदा पेटीमागे बसणारे, बोलणे बेताचे. त्यांचा आवाज कोठेही जतन केलेला नाही अशीच आम्हां भावंडांची समजूत होती.

एकच स्थिर छायाचित्र मिनिटामागून मिनिटे दाखवीत राहिलो असतो तर प्रेक्षक उठून पंगतीची वाट धरते. म्हणून ते हलवणे भाग होते. केडेनलाइव्ह नावाच्या, विनामूल्य मिळणाऱ्या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची युक्ती मोठी सोपी आहे. आरंभीच्या चौकटीत छायाचित्र कोठे आणि केवढे असावे ते तुम्ही सांगायचे. आठ सेकंदांनी ते कोठे आणि केवढे असावे तेही तुम्हीच सांगायचे. ह्या दोन ठिकाणांना कीफ्रेम म्हणतात. सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर मध्ये १९९ चौकटी उरतात. त्या यंत्र आपल्या हिशेबाने भरून काढते. जुन्या मराठीत प्रवासातील मुक्कामाला पेणे म्हणत, आणि आमच्याकडे पालखीच्या विसाव्याच्या जागेसंबंधी बोलताना हा शब्द अजून कानी पडतो. मी कीफ्रेमला मनातल्या मनात पेणेच म्हणू लागलो. पालखी कोठे टेकायची ते परंपरेने ठरलेले. मधली वाट भोयांच्या पायांवर सोडलेली.

पहिल्या रात्री माझी पालखी फारच वाईट चालली. छायाचित्र एकदम झटका खाऊन निघे, सारख्या वेगाने सरके आणि भिंतीवर आदळल्यासारखे थांबे. दोन पेण्यांमधील अंतर यंत्राने सरळ रेषेत समान वाटले होते. गणित बिनचूक, आणि दिसायला निर्जीव. खरे भोई कधी असे निघत नाहीत. ते प्रथम खांदा सावरतात, मग पाऊल उचलतात, आणि टेकण्यापूर्वी वेग आवरतात. हा सावरण्याचा आणि आवरण्याचा गुण यंत्राला शिकवायचा तर सरळ रेषेच्या जागी वक्ररेषा द्यावी लागते. ती रेषा रेनो ह्या मोटारकारखान्यातील अभियंते पियेर बेझिए यांच्या नावाने ओळखली जाते. वास्तविक सित्रोएन ह्या प्रतिस्पर्धी कारखान्यातील पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्येच ती वाट शोधली होती. परंतु मालकांनी ते काम व्यवसायाचे गुपित म्हणून दडवून ठेवले, आणि बेझिए यांनी आपले काम प्रसिद्ध केले. नाव प्रसिद्ध करणाराचे झाले. गुप्ततेचे करार लिहून देण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माझ्यासारख्याने ह्यावर काय बोलावे!

ही कीफ्रेमची कल्पना संगणकाहून जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत मुरलेले चित्रकार हालचालीतील मोक्याची चित्रे काढीत आणि मधली चित्रे भरण्याचे काम उमेदवारांकडे जाई. आमच्या धंद्यातही हेच चालते: वरिष्ठ वकील आरंभ आणि प्रार्थनेचे कलम सांगतात, मधले परिच्छेद कनिष्ठाने भरायचे. मी स्वतः नऊ वर्षे मधल्या चौकटी भरणारा होतो. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन ह्या दोघांनी १९७० च्या सुमारास हे उमेदवाराचे काम संगणकाकडे सोपवले, आणि त्यांच्या पद्धतीवर पीटर फोल्डेस यांनी १९७४ मध्ये ‘हंगर’ हा छोटा चित्रपट केला. त्यात एक मनुष्य खात जातो, फुगत जातो, आणि अखेरीस भुकेल्या जमावाच्या तोंडी पडतो. एक आकृती दुसऱ्या आकृतीत वितळते. मधली रूपे कोणाही चित्रकाराने काढलेली नाहीत.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा मांडला, आणि रोप वाढेल तशी एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ तयार केली. त्या फितीत भराव नाही. दादासाहेबांनी प्रत्येक चौकटीसाठी वाट पाहिली, आणि वाटाण्याने ती पुरवली. रोप उगवल्याचे पहिले चित्र आणि ते वेलावल्याचे शेवटचे चित्र एवढेच घेऊन त्यांनी मधले कल्पनेने भरले असते, तर फीत कदाचित अधिक डौलदार झाली असती. पण रोप कसे वाढते हे मात्र तिच्यातून कोणाला कळले नसते.

रात्री ही खटपट आणि सकाळी न्यायालय, असे चालले असता एके दिवशी मी एका वृद्ध साक्षीदाराचा उलटतपास घेत होतो. वाद कुंपणाच्या भिंतीचा. साक्षीदार सज्जन होता. मजूर दगड घेऊन आले हे त्याने पाहिले होते, आणि संध्याकाळी भिंत उभी असल्याचेही पाहिले होते. मधला सगळा दिवस तो आपल्या दुकानात होता. तरीही भिंत कोणी, कशी, कोणाच्या सांगण्यावरून बांधली, हे तो अशा सहजतेने सांगत होता की जणू सारे त्याच्या डोळ्यांपुढे घडत आहे. त्याच्या सांगण्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्याच्या मनाने दोन पेणी घट्ट धरली होती आणि मधल्या चौकटी भरून काढल्या होत्या, आणि त्याही उत्तम वक्ररेषेने. वीस वर्षे मी उलटतपास घेत आलो; साक्षीदाराला खोटे पाडणे हाच त्याचा हेतू, असे मनाशी धरून. भरलेली चौकट आणि पाहिलेली चौकट एवढी सारखी दिसते हे मला छायाचित्र हलवताना कळले.

आता ध्वनीकडे वळतो. कारण खरा पेच तेथे पडला. ह्या कामाला मी ऑडॅसिटी वापरले. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी रचलेले हे साधन २००० सालापासून कोणालाही फुकट मिळते. चित्र सेकंदाला पंचवीस वेळा कापता येते. चित्रफितीसाठी घेतलेला ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांत मोजला जातो. म्हणजे एका चौकटीमागे १,९२० नमुने. डोळा जेथे एकच क्षण पाहतो तेथे कानाला जवळजवळ दोन हजार ठिकाणी कात्री लावता येते, आणि कात्री जितकी बारीक तितका मोह मोठा.

कॅसेटची खरखर काढताना हे साधन प्रथम एक विलक्षण मागणी करते: निव्वळ गोंगाट कोठला, तेवढा दाखवा. तो नमुना घेऊन मग ते उरलेल्या फितीतून तसला ध्वनी कमी करीत जाते. मी फितीच्या आरंभीची कोरी खरखर दाखवली आणि अधाशीपणाने २४ डेसिबलची आज्ञा केली. खरखर गेली खरी, पण बुवा पाण्याखालून बोलू लागले आणि झांजांचा पत्रा झाला. आकडा उतरवीत ६ वर आणला तेव्हा कोठे देऊळ परत आले: समईपाशी कोणी खोकले, ओल्या छत्र्या आपटल्या, पागोळ्या वाजू लागल्या. शेवटच्या दहा मिनिटांत आणखी एक चमत्कार होता. बुवांचा सूर हळूहळू चढत होता. बुवा रंगात आले म्हणावे, तर पेटीही चढत होती. आणि पेटीचे स्वर तर जागचे हलत नसतात. त्या रात्री यंत्राच्या बॅटऱ्या उतरत चालल्या होत्या. फीत मंद गतीने भरली गेली, म्हणून आज नेहमीच्या गतीने वाजवताना ती द्रुत होते. काळी एकची पेटी अखेरीस पांढरी दोनपाशी पोहोचली होती, म्हणजे गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक. वडिलांच्या पेटीला प्रमाण मानून मी टाइम ट्रॅकवर जागोजागी पेणी टाकली आणि गती पूर्ववत केली. सगळ्या कीर्तनात विश्वासू साक्षीदार एकच निघाला, आणि तो माझ्या वडिलांच्या हाताखालचा होता.

आणि मग दुसऱ्या बाजूच्या एकतिसाव्या मिनिटाला बुवा थांबले.

अभंगाचा चरण संपला, पुढचा आठवेना. तबलजींनी भजनी ठेका तसाच धरून ठेवला. एक आवर्तन रिकामे गेले. दुसऱ्यात पेटीच्या मागून कोणी हलक्या आवाजात पुढील चरणाचे पहिले दोन शब्द सांगितले, आणि नंतर, बुवांनी ते उचलले तेव्हा, एक समाधानाचे ‘हां’. एवढेच. जेमतेम अडीच सेकंद. तो आवाज माझ्या वडिलांचा होता. मी कानांवरचे यंत्र काढून ठेवले आणि त्या रात्री पुढे काम केले नाही.

बुवांचे चिरंजीव आता स्वतः कीर्तन करतात. कच्ची प्रत ऐकायला मी त्यांना बोलावले. त्या जागी येताच त्यांचा चेहरा उतरला. त्या वर्षानंतर बुवांना एकामागून एक अभंग, मग माणसे, मग घराची वाट, सारे विसरत गेले होते. घरच्यांच्या लेखी त्या दुखण्याची सुरुवात ह्याच कीर्तनात झाली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वकीलबाब, बाबाक विसर पडलो तें लोकांक कित्याक आयकोवप? तितलें काडूंक जाता?”

काढता येत होते. पहिल्या समेपासून तिसऱ्या समेपर्यंत दोन आवर्तने उचलायची; ६.४ सेकंद, चित्राच्या १६० चौकटी, ध्वनीचे ३,०७,२०० नमुने. सम समेवर बसली की जगातील कोणालाही सांधा कळणार नाही. माझ्याकडे युक्तिवादांची उणीव नव्हती. १९८५ साली रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग ह्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफितीसाठी ज्या कसोट्या घातल्या, त्यांत फितीत फेरफार झाल्याची शक्यताच उरू नये ही एक आहे. ते सांगता आले असते. परंपरेचा इतिहास, सत्याची चाड, हेही शब्द जिभेवर होते. परंतु त्या शब्दांमागे उभा असलेला अशील मीच होतो, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. तो माझ्या वडिलांचा एकमेव आवाज आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर ते संकोचाने गप्प बसले असते, आणि मी फिर्याद जिंकलो असतो.

मी तेवढे काढले. समेवर कापून समेवर जोडले, सांध्यावर दोन्ही बाजूंचा ध्वनी किंचित एकात एक मिसळला. मूळ फीत मात्र जशीच्या तशी संगणकात घेऊन वेगळी ठेवली, आणि तिचा हॅश काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हा आकडा भरावा लागतो. नोंदीतील एक नमुना जरी बदलला तरी तो निराळा येतो. देवळाच्या चित्रफितीला असल्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. गरज माझी मला होती.

सप्ताहाच्या समाप्तीला चित्रफीत दाखवली. लोकांना आवडली. एकाही माणसाला काही खटकले नाही. मी मात्र त्या समेपाशी येण्याच्या आधीपासून मोजत होतो, आणि बुवा न थांबता पुढच्या चरणात गेले तेव्हा, रस्त्यात ओळखीचे माणूस मान वळवून निघून जावे, तसे मला झाले. बुवांच्या चिरंजीवांवर मी उपकार केला की त्यांच्या वडिलांच्या जागी एक भरलेली चौकट बसवून दिली, ह्याचा निवाडा मी अजून राखून ठेवला आहे.

भाद्रपदात चवथ उरकल्यावर ते माझ्या कार्यालयात आले. दोन पक्षकार बसले होते ते जाईपर्यंत बाहेर बाकावर थांबले. मग आत येऊन, उभ्या उभ्याच म्हणाले, “ती काडिल्ली जागा तुमगेर आसा न्ही? आवयक आयकोवपाची आसा. बाबाक त्या वेळार कोणें सांबाळून घेतलो, तें तिणें विचारलें.”

मी मूळ फितीची प्रत करून दिली, आणि हाताला लागलेल्या सवयीने तिच्या हॅशची चौसष्ट अक्षरे एका चिठ्ठीवर उतरवून दिली. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि ह्यातले कितवे मिनिट धरायचे, असे विचारले. मी ती परत घेतली आणि खाली लिहिले: दुसरी बाजू, ३१ मिनिटे १२ सेकंद.