अजिंठ्याच्या भिंती आणि आमचे पेंटरमामा

आषाढ पौर्णिमेला आमच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. गेल्या वर्षी समारोपाच्या दिवशी खीरदान झाल्यावर महिला मंडळाच्या बायांनी विषय काढला. तीन महिने आपण तथागतांविषयी वाचले, त्यांच्या चित्रांचा डोंगर आपल्यापासून दोन तासांवर आहे, आणि आपल्यातल्या निम्म्यांनी तो पाहिलेला नाही! गोष्ट खरी होती. भुसावळला जन्म गेला पण अजिंठा पाहिला नाही, अशी माणसे आमच्या वस्तीत पुष्कळ आहेत. रेल्वेतला खलाशी, केळीच्या गाडीवरचा हमाल, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांना सुटी मिळते ती लग्नाला नाहीतर मयताला.

सहलीची वर्गणी जमवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी बी.कॉम. झालेला कारकून आणि विहार समितीचा खजिनदार. पण त्याच दिवसांत माझ्याकडे आणखी एक हिशेब होता आणि तो जरा अवघड झाला होता.

आमच्या विहाराची मागची भिंत नव्याने बांधली. तिच्यावर तथागतांचे मोठे चित्र असावे असे सर्वांचे मत होते. मी बाजारात जाऊन छापील चित्राचा भाव आणला. साडेपाच हजार रुपये, दोन दिवसांत काम तयार. तेच चित्र वस्तीतल्या पेंटरमामांनी हाताने काढायचे म्हटले तर सामान आणि मजुरी धरून चौपट खर्च. हिशेबाच्या वहीत याचे उत्तर सोपे होते. सभेत मीच छापील चित्राच्या बाजूने बोललो. मामा कोपऱ्यात बसले होते. ते काहीच बोलले नाहीत.

पेंटरमामांना आमच्याकडे कोण ओळखत नाही? एकेकाळी 14 एप्रिलच्या मिरवणुकीतले बाबासाहेबांचे मोठे चित्र, निळ्या कापडावरची पांढरी ‘जयभीम’ची अक्षरे, दवाखान्याच्या पाट्या, दुकानांची नावे, सगळे त्यांच्याच हातचे. चित्र काढण्याची त्यांची रीत ठरलेली होती. कॅलेंडरवरच्या फोटोवर पेन्सिलीने ग्राफ मारायचा, तसाच मोठा ग्राफ खडूने कापडावर मारायचा आणि एकेक घर पाहून चित्र उतरवायचे. मग फ्लेक्स आले. पाट्यांचे काम गेले, मिरवणुकीचे कापडही गेले. मामा घरांना डिस्टेंपर मारू लागले. ब्रश सुटला नाही, पण चित्र सुटले.

सहलीला ते यायला तयार नव्हते. “भाऊ, तिकडं जाऊन मी काय करू? माझा धंदा गेला,” म्हणाले. शेवटी मामींनीच त्यांचे नाव लिहायला लावले.

जामनेर, पहूर, फर्दापूर

रविवारी पहाटेच्या एस.टी.ने निघालो. बायांना अर्धे तिकीट, त्यामुळे माझ्या वर्गणीत चार पैसे शिल्लक राहिले. जामनेर आणि पहूर मागे टाकले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरलो. तिथून पुढे आपली गाडी नेता येत नाही, तिथल्याच बसने चार किलोमीटर आत जावे लागते.

बस थांबली आणि डोंगराने आम्हाला तिन्ही बाजूंनी वेढले. घोड्याच्या नालासारखा कडा, खाली वाघूर नदी, वर ओळीने तीस लेणी. हीच वाघूर पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. पावसाळ्यात चारिका थांबवून भिक्खू अशा विहारांत वर्षावास करीत. ज्या वर्षावासाचा आम्ही नुकताच समारोप केला, तो येथे दगडात कोरलेला आहे, असे मी सांगितले तेव्हा बायांनी पायऱ्यांवरच हात जोडले.

पहिल्या लेण्यात चपला बाहेर काढून शिरलो. आधी काहीच दिसेना. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. दोन मिनिटे गप्प उभे राहिलो, तेव्हा अंधारातून हळूहळू निळे कमळ हातात धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी पुढे आला. कॅलेंडरवर हे चित्र सर्वांनी पाहिलेले. पुष्कळ लोक त्यालाच बुद्ध समजतात, मीही समजत होतो. डोक्यावरचा मुकुट आणि अंगावरचे दागिने पाहिले म्हणजे कळते, की हा बुद्ध नव्हे, बोधिसत्त्व आहे.

मामा मात्र वेगळेच पाहत होते. “भाऊ, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत रेघ बघा. हात उचललेला नाही,” ते हळूच म्हणाले. “ग्राफ मारून अशी रेघ येत नाही.” तेवढ्यात पहारेकऱ्याने आम्हाला पुढे सरकवले, कारण रंगीत लेण्यांत फार वेळ थांबू देत नाहीत. मामा पुन्हा रांगेत उभे राहून दुसऱ्यांदा आत गेले.

भिंत कशी तयार झाली

एका ठिकाणी रंग गळून पडला होता आणि आतला गिलावा उघडा पडला होता. आमच्या सोबतच्या एका आजींनी लांबूनच तो न्याहाळला आणि म्हणाल्या, “हे तं आपल्या गावच्या भिताडासारखंच हाये. मातीत भुसा कालवलेला दिसते.”

आजींचे म्हणणे बरोबर होते. अजिंठ्याचे चित्र सरळ दगडावर काढलेले नाही. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या दगडावर आधी चिखलाचा लेप दिला. त्यात बारीक खडी किंवा वाळू, भाताचे तूस, गवत आणि झाडपाल्याचे धागे मिसळले. त्यावर बारीक मातीचा दुसरा हात. त्यावर चुन्याचा पातळ थर. तो वाळल्यावर गेरूने आकृतीची रेघ काढली, मग रंग भरले आणि शेवटी पुन्हा गडद रेघेने आकार पक्का केला. रंग तरी कोणते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना, म्हणजे बहुतेक आपल्या पायाखालचेच. ते चिकटावेत म्हणून सरस किंवा डिंक. फक्त गडद निळा रंग लाजवर्द या दगडाचा. तो अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांबरोबर आला, असे अभ्यासक मानतात. जुन्या लेण्यांतल्या चित्रांत हा निळा नाही, नंतरच्या लेण्यांत आहे.

ही माहिती ऐकताना बायांचे चेहरे बदलले. शेतात राबणारी, घर सारवणारी, भिंत लिंपणारी आपली आजी-पणजी जे काम करीत आली, त्याच कामाच्या पायावर जगप्रसिद्ध चित्रे उभी आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा शिलालेख आहे. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्खूचा आहे. दान देणाऱ्यांची नावे राहिली. गिलावा कालवणाऱ्या आणि चित्र काढणाऱ्या हातांची नावे मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

एक गोष्ट, दोन चित्रकार

नऊ आणि दहा क्रमांकांची चैत्यगृहे सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीची. दहाव्यात डावीकडच्या भिंतीवर एक राजा परिवारासह बोधिवृक्षाच्या पूजेला आलेला दिसतो. बुद्ध कुठे आहे, असे एका मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. त्या काळचे चित्रकार बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवीत नसत. बोधिवृक्ष किंवा स्तूप काढला की पाहणाऱ्याला कळत असे. त्याच लेण्याच्या खांबांवर मात्र बुद्धाच्या रंगीत मूर्ती आहेत. त्या पुढच्या काळातल्या कलावंतांनी काढल्या.

याच लेण्यात षड्दंत जातक आहे. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्यावर रागावलेली आणि पुढच्या जन्मी राणी झालेली हत्तीण, तिने पाठवलेला शिकारी. गजराज शिकाऱ्याला मारत नाही, उलट आपले सुळे त्याला देतो, आणि ते पाहून राणीला दुःख सहन होत नाही. पुढे सतराव्या लेण्यात गेलो तर तीच गोष्ट पुन्हा भिंतीवर! दोन चित्रांत सुमारे पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पहिल्या चित्रकाराने गोष्ट लांब पट्टीसारखी भिंतीवरून पुढे नेली आहे. सतराव्या लेण्याच्या काळात चित्रकारांनी अख्खी भिंतच हाती घेतली. राजवाडा, अरण्य, माणसांची गर्दी, सगळे एकमेकांत मिसळते.

मामा तिथे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “म्हणजे यानं मागच्याची नक्कल नाही केली. गोष्ट तीच घेतली, पण आपल्या डोळ्यानं काढली. मी आजवर निव्वळ नकला काढल्या, भाऊ.”

सतराव्या लेण्यातच भिक्षापात्र घेऊन दारात उभे असलेले तथागत आणि त्यांच्यासमोर यशोधरा व राहुल आहेत. बुद्ध भव्य, आई आणि मूल लहानसे. आई मुलाला पुढे करते आहे. आमच्या बाया तिथून हलेनात. एकीच्या डोळ्यांत पाणी आले. तिचा नवरा कामासाठी सुरतेला असतो. शेवटी सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या सात मीटर लांब मूर्तीसमोर आम्ही हळू आवाजात त्रिशरण-पंचशील घेतले.

दुपारी नदीकाठी भाकरी, ठेचा आणि भरीत सोडले. मी मुलांना नकलांची हकिकत सांगितली. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून गेला. 1844 पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या नकला केल्या. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 च्या आगीत लंडनमध्येच गेल्या. 1909 ते 1911 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅमबरोबर जे तरुण भारतीय चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. बाबासाहेबांनी ज्या संविधानासाठी रात्रीचा दिवस केला, त्याच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने पुढे याच नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवली. त्या पानांत भगवान बुद्धही आहेत.

मामा म्हणाले, “एवढा मोठा माणूस, त्यानंही आधी इथं बसून हात घासला.” मग त्यांनी एका मुलाची वही मागून घेतली आणि नदीकाठी धुणे धुतल्यासारखी वाकून हात धुणारी आमची आजी चार रेघांत काढली. ग्राफ नाही, खडू नाही.

भिंत पुन्हा सभेत

पुढच्या सभेत भिंतीचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो आणि माझा आधीचा ठराव मागे घेतला. एकाने विचारले, “खजिनदार, आता हिशेब कसा बसणार?” महिला मंडळाने दर घरामागे दर महिन्याला वीस रुपये जमवायचे ठरवले. मामांनी मजुरीचा निम्मा भाग सोडायची तयारी दाखवली. तो मात्र आम्ही घेतला नाही. कामाचे दाम पूर्ण मिळाले पाहिजेत, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले आहे.

आता मामांची काम करण्याची पद्धत पार बदलली आहे. आधी त्यांनी भिंतीला दोन हात लांबी भरून, घासून, पंधरा दिवस नुसती वाळू दिली. ज्याला-त्याला वाटे, मामा काम का सुरू करीत नाहीत? मामा त्या वेळी वही घेऊन फिरत होते. स्टेशनवरचे हमाल, केळीचे घड उतरवणारी पोरे, नळावरच्या बाया, विहारामागचा पिंपळ, यांची चित्रे काढून त्यांच्या तीन वह्या भरल्या. कॅलेंडर घरात कुठेतरी गुंडाळून पडले आहे. भिंतीवर सर्वांत आधी आला तो बोधिवृक्ष, आमच्याच पिंपळावरून काढलेला. त्याखाली उपासक-उपासिका बसले आहेत आणि त्यांत वस्तीतले चेहरे ओळखू येतात. आजींना आपला चेहरा दिसला तेव्हा त्या लाजल्या आणि दोन दिवस विहारात आल्याच नाहीत.

तथागतांची आकृती गेरूच्या रेघेत तयार आहे. डोळे अजून काढलेले नाहीत. अजिंठ्यात मामांनी खाली झुकलेले, अर्धे मिटलेले डोळे पाहिले. पण बाबासाहेबांनी स्वतः कुंचला हाती घेतला तेव्हा उघड्या डोळ्यांचा बुद्ध काढला होता, हेही त्यांना ठाऊक आहे. मी विचारले, “मामा, मग कोणते काढणार?” ते म्हणाले, “भाऊ, समोर एवढी माणसं आपलं दुःख घेऊन बसलेली काढली. आता त्यानं त्यांच्याकडं बघायला नको का?” वैशाख पौर्णिमेच्या आधी डोळे काढायचे त्यांनी ठरवले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, अजिंठ्याला जरूर जा. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. पाणी सोबत घ्या, फ्लॅश लावून फोटो काढू नका, भिंतीला हात लावू नका आणि मुलांना नाव कोरू देऊ नका. पहिले लेणे पाहून घाईने परतू नका, दहावे आणि सतरावे एकाच दिवशी पाहा. आणि मुलांसोबत एक कोरी वही व पेन्सिल अवश्य द्या. ती वही आमच्या पेंटरमामांना त्या दिवशी मुलाकडून मागून घ्यावी लागली होती.

जयभीम.