एक माणूस कमी

मे महिन्यात लातूरच्या पठारावरून भर दुपारी हेलिकॉप्टर उचलायचं म्हटलं की माझं पहिलं गणित उन्हाचं असतं. लातूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास आहे. पारा चाळिशीला टेकला की हवा इतकी विरळ होते, की यंत्राच्या लेखी ते गाव साडेपाच हजार फुटांवर, म्हणजे थेट कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन बसतं. नांदेड गोदावरीकाठी, बरंच खाली. पण तिथला पारा आणखी चढतो, त्यामुळे फायदा फारसा उरत नाही. सकाळी सातला जे वजन सहज उचललं, तेच बाराला जड जातं.

२५ मे २०१७ ला दुपारी बाराच्या सुमाराला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन राज्य सरकारचं सिकोर्स्की एस-७६ निलंग्यातून उडालं. थोडं वर जाताच वारा बदलतोय असं वैमानिकाला वाटलं, त्याने परत उतरायचं ठरवलं, आणि उतरताना यंत्र विजेच्या तारांत अडकून कोसळलं. आतले सहाही जण वाचले. त्या कॉकपिटमध्ये मी नव्हतो, त्यामुळे तिथल्या माणसांचा निवाडा मी करणार नाही. पण अशा अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द फार लवकर उच्चारले जातात. ते कुठल्या क्षणाला चिकटवायचे, यावर मात्र मला बोलायचं आहे.

जमिनीपासून पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हेलिकॉप्टरला जमिनीचा टेकू असतो. पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीमुळे अडते आणि कमी ताकदीत यंत्र तरंगतं. त्याच्या वर गेलं की टेकू सुटतो. पुढे तासाला तीस-चाळीस किलोमीटरचा वेग मिळाला की पंख्याला ताजी हवा मिळायला लागते आणि ओझं हलकं होतं. टेकू सुटलाय आणि वेग अजून आलेला नाही, ही मधली काही सेकंदं आमच्या कामातली सगळ्यात नाजूक. नेमकी तेव्हाच एखादी वावटळ मागून आली, तर मिळालेला थोडाफार वेगही निघून जातो.

डाव्या हातात कलेक्टिव्हचा दांडा असतो. यंत्र खाली बसायला लागलं की हात आपसूक तो वर ओढतो. अंगभूत प्रवृत्तीच आहे ती. इंजिनाकडे ताकद शिल्लक असेल तर ठीक. नसेल तर ओढल्याने पात्यांचा कोन वाढतो, फेरे मंदावतात आणि यंत्र आणखी वेगाने खाली येतं. उपाय उलटा आहे: दांडा किंचित खाली सोडायचा, नाक जरा पुढे झुकवायचं, वेग घ्यायचा. पन्नास-साठ फुटांवर, समोर घरं आणि खांब असताना, जमीन वर येताना दिसत असताना हात खाली न्यायचा. शिकवताना हे मी पुन्हापुन्हा करून घेतो. तरी एक सांगतो, खाली जागाच नसेल तर तो उपायही कागदावरच राहतो.

आणि तारा. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून उतरण्याआधी मैदानाभोवती फेरी मारताना मी खांबावरचा आडवा लोखंडी पट्टा बघतो. तार त्या पट्ट्याशी काटकोनात जाते. खांब सुटा दिसला तरी त्याचा जोडीदार कुठे असणार हे त्यावरून कळतं. तालुक्याच्या गावांत मैदानाला लागूनच वस्ती असते, आणि वस्तीला वीज लागतेच. चुन्याने ‘एच’ काढलेला असतो, टँकरने पाणी मारून धूळ बसवलेली असते, अग्निशमनची गाडी उभी असते. सगळं मन लावून केलेलं असतं. पण निघायच्या दिशेला तार आहे का, हे बघणाऱ्याला त्या वाटेने उडावं लागत नाही.

आता चूक जिथे होते ती मूळ जागा. उडण्याआधी कोणीतरी दाराशी येऊन म्हणतो, “कॅप्टनसाहेब, एकच माणूस वाढलाय, घ्या ना सांभाळून.” बॅगेसकट ऐंशी-नव्वद किलो. टाकीत परतीचं इंधन भरलेलं असतं, कारण सभेच्या गावी ते मिळत नाही. पुढच्या सभेला किनवटला लोक उन्हात बसलेले असतात. कोणी दरडावत नाही. पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही. २६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर ढगांत शिरून डोंगरावर आदळलं, नऊ जण गेले. तेही एस-७६ घराण्यातलंच. तिथल्या तपास मंडळाने ढगांत उडत राहण्याच्या निर्णयाला कारण ठरवलं, आणि वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतलेल्या दडपणाचाही त्यात वाटा असल्याचं नोंदवलं. कारण वेगळं, दडपण ओळखीचं.

म्हणून माझं मत ठाम आहे. चूक झालीच असेल, तर ती बहुतेक वेळा दार बंद होण्याआधी होते. वर दिसतो तो तिचा हिशेब. एक माणूस रस्त्याने पाठवा. निलंगा-लातूर काही दूर नाही. मे महिन्यात उड्डाणं दहाच्या आत उरका किंवा ऊन उतरल्यावर ठेवा. आणि तालुक्याच्या ठिकाणी वस्तीबाहेर एक कायमची मोकळी जागा ठरवून, निदान दोन बाजूंच्या तारा जमिनीखालून न्या. खर्च आहे, मान्य. पण पुरात माणसं काढायला किंवा अत्यवस्थ रुग्णाला न्यायलाही त्याच जागेवर उतरता येईल, आणि तेव्हा फेरी मारून खांब शोधायला कुणाकडेच वेळ नसेल.