पैनगंगेच्या अलीकडचा आंध

पुसदहून दिग्रसमार्गे यवतमाळला जाणाऱ्या एसटीत बसलं की पैनगंगा पाठीमागे राहते. आज ती यवतमाळ जिल्ह्याची शीव आहे. 1950 मध्ये राज्याची होती. पलीकडचं किनवट हैदराबाद राज्यात, अलीकडचं पुसद वऱ्हाडात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशात. त्या वर्षी अनुसूचित जमातींच्या याद्या निघाल्या आणि किनवटचा आंध जमातीचा माणूस आदिवासी ठरला, पुसदचा राहून गेला. कारण मध्य प्रदेशच्या यादीने या जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढेच तालुके धरले होते. बहीण केळापुरात दिली असेल, तर भाचा आदिवासी आणि मामा नाही! हे क्षेत्रबंधन 1976 च्या कायद्याने काढलं. अंमल 27 जुलै 1977 पासून.

बंधन गेलं, पण आपण त्याच जमातीचे, याच्या पुराव्याचा घोर राहिला. तहसीलातल्या नक्कल खिडकीपाशी एकच प्रश्न ऐकू येतो: 1950 च्या आधीचं काही सापडतं का? शाळेचा दाखल-खारीज नसेल, तर भिस्त कोतवाल बुकावर. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगायचा, वहीत बापाचं नाव आणि जात लागायची. बाळाचं नाव बहुधा नसायचंच, नुसतं 'मुलगा'. तो मुलगा म्हणजेच आपला आजोबा, हे नातवाने वंशावळीवरून जुळवायचं. 

पुढे पांढरकवड्याकडे निघालं की रस्त्यापासून आत कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, लागतात. पोडावरचा जन्म त्या काळी कुणी गावात येऊन सांगितलाच नसेल, तर वहीत तो नाही. शाळेत कुणी गेलं नसेल, तर दाखलाही नाही. आणि महाराष्ट्राच्या 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्याचं कलम 8 पुराव्याची जबाबदारी दावेदारावरच टाकतं. वही ठेवायची सरकारने, हरवली तर जाब द्यायचा नातवाने. मला हा न्याय उलटा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं, की रूढी-परंपरांची आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदींना मोठं वजन आहे. पण मुळात नोंदच नाही, त्याचं काय?

घरात म्हातारं माणूस असेल, तर आजोबा-पणजोबांची गावं आणि चुलत्यांची नावं आजच लिहून घ्या. काका-आत्यांपैकी कुणाकडे व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, असेल, तर तिची प्रत पडताळणीच्या अर्जाला आधी जोडा.