चढावर दम सोडणारी गाडी

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

नाशिकला ताईकडे निघालो. कोपरीहून शहापूरपर्यंत गाडी गुमान पळाली. कसारा घाट लागला आणि तिने मान टाकली. चौथ्यात ओढेना म्हणून तिसरा टाकला, मग दुसरा. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी नुसती गुरगुर. मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. गॅसवरून पेट्रोलवर घेतली तेव्हा जरा सुधारली, पण जराच. चेक इंजिनचा पिवळा दिवा मधूनच मिचकावत होता.

भाऊजींचं निदान तयार होतं : इगतपुरीकडे हवा विरळ. इगतपुरी ६०० मीटरच्या आसपास. तेवढ्या उंचीला टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद जाते, निम्मी नाही. पण भाऊबीजेच्या ताटावर बसून भाऊजींशी कोण वाद घालणार?

२५ ऑक्टोबर

परतताना हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "क्लचप्लेट गेली." क्लच सरकत असता तर घाटात आरपीएमचा काटा वर पळाला असता आणि गाडी तिथेच राहिली असती. इथे काटाच चढत नव्हता. म्हणजे दुखणं इंजिनात, नाहीतर त्याच्या खाण्यापिण्यात.

रात्री आकडेमोड केली. माणसं-सामान धरून १,२०० किलोची गाडी वीस मीटरला एक मीटर चढाच्या रस्त्यावर ताशी ६० ने न्यायची, तर सपाटीपेक्षा साधारण १३ हॉर्सपॉवर जास्त लागते. कोपरी पुलावरून ऐरोलीपर्यंत जाताना इंजिनाकडे एवढी मागणीच होत नाही, म्हणून लपून राहिलेली कमतरता घाटातच उघडी पडते. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १. तिथे बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. आमच्या मागे होता तो कंटेनरवाला, तोही फक्त हॉर्न घेऊन.

२८ ऑक्टोबर

कोपरीतल्या आमच्या उस्तादांकडे गाडी नेली. त्यांची रीत मला आवडते : आधी ऐकतात, मग मोजतात, आणि पाना सगळ्यात शेवटी उचलतात. एअर फिल्टर काढून उन्हात धरला. मळका, पण चोक नाही. पेट्रोलचं प्रेशर साडेतीन बार, उपवनकडून येऊरच्या चढावर दाबून पाहिलं तरी उतरलं नाही. पंप आणि फिल्टर सुटले. स्कॅनरवर पी ०३०३ : तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय.

"गॅसवर जास्त मारते ना?" त्यांनी विचारलं.

हो. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. शिवाय गॅस सिलिंडरमध्ये हवेचीच जागा अडवतो, म्हणून धडधाकट गाडीचीसुद्धा दहाएक टक्के ताकद गॅसवर कमी होते. अशक्त कॉईल म्हणून आधी गॅसवर उघडी पडते. उस्तादांनी तिसरी कॉईल उपसून दाखवली : रबरी नळीवर केसाएवढी पांढुरकी रेघ. वीज प्लगपर्यंत न जाता त्या रेघेतून बाहेर पळत होती. नवी कॉईल, चारही प्लग नवे, गॅसची गाडी म्हणून गॅप जरा कमी ठेवलेले.

३० ऑक्टोबर

येऊरला परत. थरथर गेली, दिवा गेला. ताकद मात्र पुरती आली नाही. खाली ठीक, ३,००० आरपीएमच्या वर कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी.

उस्ताद म्हणाले, "साहेब, श्वास घेते, सोडत नाही."

१ नोव्हेंबर

ऑक्सिजन सेन्सर काढायलाच अर्धी सकाळ गेली. गंजून बसला होता. तेल मारायचं, थांबायचं, पुन्हा पाना लावायचा. त्या भोकात प्रेशरचा गेज बसवला. उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला फार तर दोन-तीन पाउंड दाब असावा. काटा सातावर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक.

तो उतरवून मोबाइलचा टॉर्च आत मारला. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असायला हवीत. निम्म्या भागात ती वितळून काळ्या काचेसारखा चकचकीत थर झाला होता. हलवलं की आत खुळखुळ. सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन इथे येऊन जळतं आणि जाळी भाजून काढतं. मिचकावणारा दिवा नेमकं हेच सांगत असतो. गेलं वर्षभर गाडी भाच्याकडे होती. फोन केला. "दिवा ना? मिचकतो कधी कधी. आपोआप बंद होतो, मामा."

शेजारच्या स्टॉलवरून सल्ला आला : आतली जाळी फोडून नळकांडं पोकळ करा, गाडी उडेल. उडेलही. पण मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना हे यंत्र सक्तीचं झालं, ते हौस म्हणून नव्हे. आमच्या बीएस-४ गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा. आणि पोकळ सायलेन्सरचा धूर खायचा कुणी? कोपरीच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर मीच राहतो. भंगारवाला जुना कन्व्हर्टर हसतमुखाने मागत होता. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. त्याचे पैसे नव्याच्या बिलातून वळते करून घेतले.

८ नोव्हेंबर

गेज पुन्हा लावला : एक पाउंडाच्या आत. दुपारी चार माणसं बसवून कसारा घाट. पेट्रोलवर चौथा गिअर टिकला; गॅसवर एका वळणाला तिसरा टाकावा लागला, तेवढा गॅसचा हक्कच. इगतपुरीत चहा झाला. भाऊजींना फोन लावून सांगितलं. ते म्हणाले, आज हवा चांगली असेल.

भाच्याला बिलाचा फोटो पाठवला आहे. निळ्या टिका आल्या. पैसे यायचे आहेत.